कोठडीत मारहाण झाली तर जेलमधून पोलिसांविरुद्ध केस कशी करायची (जळगाव, धुळे, नंदुरबारवाल्यांसाठी)

घरातला माणूस जेलमध्ये आहे, त्याच्यावर चोरीचा म्हणा मारामारीचा म्हणा गुन्हा दाखल आहे, आणि शहर पोलिसांनी नाहीतर एलसीबीवाल्यांनी (स्थानिक गुन्हे शाखा) पीसीआरमध्ये, म्हणजे पोलिस कोठडीत, असताना त्याला बेदम मारलंय. अशा वेळी केस करता येते का? येते. त्याने चोरी केली असेल तर चोरीची शिक्षा कोर्ट देईल, पट्ट्याने मारायचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही. मी जिल्हा कोर्टात वकिली करते, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच विचारायच्या आधी मान खाली घालून म्हणतात की ताई आमच्या पोराचीच चूक होती. ती चूक होती की नव्हती तो वेगळा खटला आहे, तो वेगळाच ठेवायचा, आणि मान वर करून बोलायचं.

हल्ली बरेच जण मोबाईलवर बघून येतात आणि म्हणतात अमेरिकेसारखी सिव्हिल राइट्सची केस टाकायची. तिकडे १८७१ चा कायदा आहे, कलम १९८३ म्हणून ओळखतात, त्यावर १९६१ मध्ये शिकागोच्या पोलिसांविरुद्धची मनरो नावाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि तेव्हापासून तिथले कैदी जेलमधून हाताने लिहूनसुद्धा शहर पोलिसांवर दावा टाकतात. आपल्याकडे असा एकच कायदा नाही, आपल्याकडे तीन-चार दारं आहेत, आणि कुठलं दार आधी ठोठवायचं त्यावर बरंच अवलंबून असतं. पण त्या दारांपर्यंत जायच्या आधी कागद लागतो. वळ आठवड्याभरात जातात, सीसीटीव्ही पुसला जातो, साक्षीदार घाबरून गप्प बसतो. म्हणून सगळ्यात जास्त मी पहिल्या काही दिवसांबद्दलच लिहितेय, ते नीट वाचा, पुढचं वकील बघून घेईल.

उचलल्याबरोबर घरच्यांनी काय करायचं

पोलिस बऱ्याचदा माणसाला आज उचलतात आणि कागदावर अटक परवाची दाखवतात, मधले दोन दिवस कुठेच नसतात आणि मार त्याच दोन दिवसांत बसलेला असतो. राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. तर उचललं कधी हे सिद्ध करणं तुमच्या हातात आहे. ज्या क्षणी कळलं की भाऊला गाडीत घालून नेलं, त्या क्षणी ११२ ला फोन करा आणि एसपी साहेबांच्या ऑफिसला ईमेल टाका, दोन ओळींचा चालेल: अमुक नावाचा माणूस अमुक वाजता अमुक ठिकाणाहून साध्या वेशातल्या लोकांनी नेला, तो कुठे आहे कळवा. ईमेल पाठवता येत नसेल तर गल्लीतल्या कॉलेजच्या पोराकडून पाठवा, पण पाठवाच, कारण त्यावर वेळ छापलेली असते आणि ती वेळ नंतर कुणाला बदलता येत नाही. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलिस आयुक्तालय नाही, सगळं एसपींच्या हाताखाली आहे, आणि त्यांच्या वर नाशिक परिक्षेत्राचे आयजी. दोघांनाही एकच मेल टाकला तरी चालतं. जिथून उचललं तिथल्या दुकानाचा, पेट्रोल पंपाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, दुकानदार लोक ओळखीवर देतात, चार दिवसांनी गेलात की म्हणतात डिलीट झालं.

अटक दाखवली की अटकेचा पंचनामा बनतो, त्यावर घरच्या कुणाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि घरी कळवावं लागतं. हे सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू केसमध्ये घालून दिलंय, अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट नावाची पट्टी पाहिजे हेही त्यातच आहे आणि कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी पाहिजे हेही. सही करायला बोलावलं तर वेळ आणि तारीख वाचून सही करा. खोटी वेळ टाकलेली असेल तर सहीशेजारी खरी वेळ स्वतःच्या हाताने लिहा. अटकेची कारणं लेखी द्यायची असतात, आरोपीला समजेल अशा भाषेत, आणि मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान २ तास आधी, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला ज्याला भिली नाहीतर पावरीच नीट कळते त्याच्या हातात अवघड सरकारी मराठीतला कागद दिला असेल तर तेवढं वकिलाला आवर्जून सांगा.

पहिल्या तारखेला कोर्टात बोलायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं

रिमांडला नेतात तेव्हा मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. हे ते स्वतःच्या मनाने विचारत नाहीत, १९८३ मध्ये मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांच्या हालाबद्दल शीला बारसे यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्या केसमध्ये कोर्टाने सांगितलंय की मॅजिस्ट्रेटने हे विचारायचंच आणि डॉक्टरी तपासणीचा हक्क आहे हेही आरोपीला सांगायचं. आता होतं असं की मागे तोच हवालदार उभा असतो ज्याने रात्री मारलंय, गाडीत बजावून सांगितलेलं असतं की तोंड उघडलं तर अजून पीसीआर घेऊ, मग पोरगा म्हणतो काही तक्रार नाही. आणि ते तीन शब्द रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, बसतात. पुढे दोन वर्षांनी हायकोर्टात सरकारी वकील पहिलं पान तेच उघडून दाखवतो.

म्हणून वकील, आई, बायको, जो कुणी कोर्टाच्या पॅसेजमध्ये दोन मिनिटं भेटेल त्याने एवढंच सांगायचं की साहेबांनी विचारलं की बोल. अहिराणीत बोलला तरी चालतं, "साहेब, माले रातले पट्टाघाई मारं" एवढं म्हटलं तरी पुरे, सुंदर मराठी बोलायची काही गरज नाही. शर्ट वर करून पाठ दाखवता आली तर दाखवायची. आणि साहेबांनी विचारलंच नाही तर वकिलाने उभं राहून लेखी अर्ज द्यायचा: मारहाण झाली, जखमा नोंदवाव्यात, सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हावी, पोलिस ठाण्याचं सीसीटीव्ही जपून ठेवायचा आदेश व्हावा. अर्ज हाताने लिहिलेला असला तरी हरकत नाही, पण त्यावर आदेश होऊ द्या आणि त्याची नक्कल त्याच आठवड्यात काढा. खासगी वकील नसेल तर रिमांडला सरकारी खर्चाने फुकट वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून, बोलताना म्हणायचं "लीगल एडचा वकील पाहिजे".

अजून पीसीआर घेतील ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, एकूण पीसीआर १५ दिवसांचाच आहे पण तो सलग न घेता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतो, म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी, जेल) झाला तरी परत मागता येतो. नेमकं म्हणूनच तक्रार रेकॉर्डवर असलेली बरी. तक्रार रेकॉर्डवर आली की पुढच्या वेळी पीसीआर देताना मॅजिस्ट्रेट विचार करतात, आणि पोलिसही हात आखडता घेतात कारण आता तपासणी होणार हे त्यांना माहीत असतं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये काय बघायचं

अटकेनंतर सरकारी डॉक्टरने तपासायचं आणि त्या रिपोर्टची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३. प्रत मागा, बहुतेकांना माहीतच नसतं की ती मिळते. प्रत्यक्षात सिव्हिलला नेतात, हवालदार दारात उभा, डॉक्टर मान वर न करता लिहून टाकतात "कोणतीही ताजी जखम नाही". डॉक्टरांवर कामाचा लोड असतो हे मला कळतं, पण त्या एका ओळीने माणसाचं सगळं जातं. तर पेशंटनेच बोलायचं: डॉक्टरसाहेब, हवालदारांना बाहेर थांबवा, मला कपडे काढून दाखवायचंय. जखम कुठे, किती लांब-रुंद, रंग कोणता, कशाने झाली असं आरोपी सांगतो, एवढं सगळं लिहिलं गेलं पाहिजे आणि एमएलसी (पोलिस केसची वैद्यकीय) नोंद झाली पाहिजे. रंग का सांगतेय, कारण मुका मार सुरवातीला लाल, मग निळा-काळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट आणि नंतर पिवळा पडतो, त्यावरून जखम किती दिवसांची ते तज्ज्ञाला काढता येतं, आणि जखमेचं वय पीसीआरच्या तारखांशी जुळलं की पोलिसांना "आधीचीच जखम आहे" म्हणता येत नाही.

तळपायावर मारलं असेल तर बाहेरून फार काही दिसत नाही, म्हणून चालताना दुखतं, पाय टेकवत नाही हे तोंडाने सांगायचं आणि गरज पडली तर एक्स-रे मागायचा. आणि एक गोष्ट जिवाची आहे, केसची नाही: मांड्या-पाठीवर खूप मार बसला आणि लघवी लाल-तपकिरी व्हायला लागली किंवा कमी झाली तर ताबडतोब सांगा, फुटलेल्या स्नायूंमुळे किडनी बंद पडू शकते, रक्ताची तपासणी त्याच दिवशी लागते. माणूस आधी वाचला पाहिजे, केस नंतर.

बाई असेल तर तपासणी बाई डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली.

जेलच्या गेटवर दुसरी संधी

एमसीआर झाला की जेलमध्ये आमद, म्हणजे आत घेतल्याची नोंद, होते आणि तिथे पुन्हा डॉक्टर बघतात, अंगावरच्या जखमा आणि खुणा रजिस्टरला लिहायच्या असतात, १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टपासूनचा हा नियम आहे. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने काम करते. जेलवाल्यांना दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घ्यायचं नसतं, त्यामुळे ते पोलिसांपेक्षा जास्त नीट लिहितात, अगदी मोडलेल्या नखापर्यंत. पीसीआरमध्ये नेताना "जखम नाही" आणि चार दिवसांनी जेलमध्ये येताना "पाठीवर सात वळ" असे दोन कागद समोरासमोर ठेवले की मधल्या चार दिवसांत काय झालं त्याचं उत्तर पोलिसांना द्यावं लागतं, हायकोर्टात खरा जोर याच दोन कागदांचा असतो. कैद्याने जेल डॉक्टरला आपणहून दाखवायचं, तो विचारायची वाट बघायची नाही.

मग जेलमधूनच अर्ज लिहायचा. कोरा कागद आणि पेन मागायचं. अर्ज जेल अधीक्षकांमार्फत जातो, त्याचा जावक क्रमांक आणि तारीख मागून घ्यायची आणि मुलाखतीला आलेल्या घरच्यांना सांगायची, ते पाठ करून बाहेर लिहून ठेवतील. लिहिता येत नसेल तर जेलमधल्या लीगल एड क्लिनिकला विधी स्वयंसेवक येतात ते लिहून देतात, बॅरेकमधल्या दुसऱ्या कैद्यानेही लिहिलं तरी चालतं. १९७९ मध्ये तिहार जेलमधून सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र पाठवलं होतं, ते स्वतःसाठी नव्हतं, दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने छळलं म्हणून होतं, आणि कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. तो निकाल डिसेंबर १९७९ चा, अजूनही वापरतात. जिल्हा न्यायाधीश आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव जेलला भेट देतात तेव्हा त्यांच्या हातात अर्ज देता येतो, तेव्हा लाजायचं नाही.

पुढच्या तारखा व्हीसीवर, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओ कॉलवर, होतात. व्हीसीच्या खोलीत शेजारी शिपाई बसलेला असतो आणि आवाज अर्धाच जातो. मारहाणीबद्दल बोलायचं असेल तर वकिलाकडून प्रत्यक्ष हजर करायचा अर्ज टाका.

सीसीटीव्ही आणि डायरी

परमवीर सिंग सैनी केसमध्ये २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक पोलिस ठाण्यात आत यायचं दार, बाहेर जायचं दार, लॉकअप, पॅसेज, इन्स्पेक्टरची खोली सगळीकडे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, एवढी सोय बाजारात नसेलच तर जितकं जमेल तितकं पण १ वर्षाच्या खाली नाही. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात उत्तर येतं की कॅमेरा बंद होता, लाइट नव्हती, हार्ड डिस्क खराब झाली. म्हणून एकाच वेळी दोन्हीकडे मागा: मॅजिस्ट्रेटकडे फुटेज जपायचा अर्ज, आणि माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ज्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं फुटेज, ठाणे डायरीच्या (पोलिस ठाण्यातली रोजची नोंदवही) नोंदी, लॉकअप रजिस्टर, आणि त्या रात्रीचं ड्युटी वाटप मागायचं. अर्जाच्या वर लिहा की प्रश्न माणसाच्या जीविताचा आणि स्वातंत्र्याचा आहे, मग ३० दिवसांऐवजी ४८ तासांत उत्तर द्यायचं बंधन येतं. देत नाहीत बऱ्याचदा, पण नाही म्हणून दिलेलं उत्तरही कामाचं आहे, कॅमेरा बंद होता असं लेखी आलं तर तो कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीला कधी लिहिलं हे कोर्ट विचारतं.

मारणाऱ्याचं नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर (पोलिसाच्या बिल्ल्यावरचा नंबर) आठवा, तोही नसेल तर वर्णन, कुणी त्याला काय म्हणून हाक मारत होतं, कुठल्या खोलीत, डीबीचे (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) होते की एलसीबीचे. ड्युटी वाटपाच्या कागदावरून नाव निघतं. पण नक्की दिसले तेवढ्यांचीच नावं घ्या. दोघांनी मारलं असताना रागाने अख्ख्या ठाण्याची नावं टाकली की त्यातला एक जण त्या दिवशी रजेवर निघतो आणि मग सगळीच तक्रार खोटी वाटायला लागते. हे मी हात जोडून सांगते.

कुठे जायचं

पहिला रस्ता गुन्हा नोंदवायचा. कबुली काढण्यासाठी मारलं तर न्याय संहितेचं कलम १२०, साध्या दुखापतीला ७ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत शिक्षा. (पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तसाही पुराव्यात चालत नाही, तरी त्यासाठी मारतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.) ठाण्यात तक्रार घेणार नाहीत हे गृहीत धरा, तरी रजिस्टर पोस्टाने ठाण्याला आणि मग एसपींना पाठवा, पावत्या जपा, कारण त्या जोडल्याशिवाय आणि प्रतिज्ञापत्राशिवाय मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज चालत नाही. नव्या कायद्यात सरकारी नोकराविरुद्ध तक्रार असली की त्याच्या वरिष्ठाचा रिपोर्ट मागवायची पायरी वाढलीय, त्यात वेळ जातो. शिवाय पोलिस म्हणतात आम्ही ड्युटीवर होतो, सरकारची मंजुरी कुठे आहे. मारहाण हा ड्युटीचा भाग नाही असे निकाल आहेत आणि २०२० चा देवराजा केसचा निकाल आहे जो म्हणतो ड्युटी करताना मर्यादा ओलांडली तरी मंजुरी लागू शकते, त्यामुळे तुमच्या केसमध्ये मार आणि तपास यांचा संबंध कसा मांडायचा ते वकिलावर सोडा. मुदत मात्र तुम्ही लक्षात ठेवा: महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम १६१ चा बचाव पोलिस घेतात, त्यात ६ महिन्यांची मुदत आहे, तेव्हा ६ महिन्यांच्या आत तक्रार कोर्टात पोचलीच पाहिजे असं धरून चाला.

दुसरा रस्ता हायकोर्ट, आणि कागद चांगले असतील तर माझं मत याच्या बाजूने आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली याचिका करायची आणि एकाच वेळी गुन्हा नोंदवायचा आदेश, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे देणं, फुटेज, आणि नुकसानभरपाई असं सगळं मागता येतं. भरपाईचा हा रस्ता १९८३ च्या रुदुल साह केसपासून उघडला, कोर्टाने निर्दोष सोडूनही १४ वर्षं जेलमध्ये ठेवलेल्या माणसाला तेव्हा ३५,००० रुपये मिळाले, मग १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहेरा या आईला मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख, आणि त्याच निकालात कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्काच्या बाबतीत सरकारला "आम्ही सार्वभौम, आमच्यावर दावा नाही" म्हणता येणार नाही. आपल्या खंडपीठाचं ताजं उदाहरण परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचं आहे, लॉ शिकणारा मुलगा, १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला, त्याच्या आईने याचिका केली, जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही तो आदेश टिकला. हायकोर्टाची अडचण एकच, दोन्ही बाजू वेगवेगळी गोष्ट सांगत असतील आणि कागद नसेल तर कोर्ट म्हणतं साक्षीपुरावा लागेल, खालच्या कोर्टात जा. म्हणून वर एवढं कागद कागद केलं.

तिसरा रस्ता दिवाणी दावा, पैशाच्या भरपाईचा, इथल्याच सिव्हिल कोर्टात. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस सरकारला आणि अधिकाऱ्याला, आणि बेकायदा डांबून ठेवल्याबद्दलचा दावा १ वर्षात, नोटिशीचे दिवस त्यातून वजा होतात. खोट्या केसमध्ये गुंतवल्याचा दावा असेल तर ते वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजतात. हा रस्ता लांबचा आहे, वर्षानुवर्षं चालतो, पण साक्षीदार बोलवून उलटतपासणी इथेच होते. कोर्ट फीला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील आणि फी मिळते, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. त्याच कलमात बायका आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोकही उत्पन्न न बघता बसतात, म्हणजे भिल्ल, पारधी कुटुंबातली आई स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. नंबर १५१००, नाहीतर जिल्हा कोर्टाच्या आवारातलं प्राधिकरणाचं ऑफिस. हायकोर्टासाठी खंडपीठातच विधी सेवा उपसमिती आहे.

मानवी हक्क आयोग मुंबईला आहे, साध्या पोस्टाने मराठीत लिहिलेली तक्रार चालते, फी नाही, घटनेपासून १ वर्षाची मुदत. आयोग शिफारस करतो, हुकूम सोडत नाही, आणि तोच विषय कोर्टात चालू असेल तर हात घालत नाही, त्यामुळे आधी वकिलाला विचारा मग पाठवा. पोलिस तक्रार प्राधिकरण म्हणूनही आहे, २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर आलेलं, तिथे खात्यांतर्गत कारवाईचा आग्रह धरता येतो. माझ्या मते हे दोन्ही जोडीला ठीक, यांच्या भरवशावर मुदती घालवू नका.

कोठडीत माणूस दगावलाच असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायलाच हवी, पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ शूटिंग मागा, घाईघाईत अंत्यविधी करू नका, आणि पहिल्याच दिवशी वकील गाठा.

अर्जात काय लिहायचं, काय नाही

तारीख, वेळ, जागा, कोण, कशाने, कुठे, किती वेळ, तेव्हा तिथे अजून कोण होतं. एवढंच. ज्या गुन्ह्यात अटक झाली त्या गुन्ह्याबद्दल एक शब्द लिहायचा नाही, "मी मोटारसायकल घेतली पण मला मारायला नको होतं" असं लिहून पाठवतात लोक, ते वाक्य त्याच्याच खटल्यात त्याच्याविरुद्ध येऊन बसतं. जामिनाचा वकील आणि हा वकील वेगळे असतील तर दोघांना एकमेकांशी बोलू द्या. शिव्या दिल्या तर त्या जशाच्या तशा लिहा, जातीवरून दिल्या असतील तर नक्कीच, कारण मग ॲट्रॉसिटीची कलमं लागतात. वाढवून लिहू नका. चार फटके असतील तर चारच लिहा, चार फटकेसुद्धा बेकायदाच आहेत.

विरुद्ध बाजूला महाराष्ट्र शासन गृह विभागामार्फत, एसपी, ठाण्याचे प्रभारी, आणि मारणारे नावाने. वकालतनाम्यावर आणि प्रतिज्ञापत्रावर कैद्याची सही किंवा अंगठा जेलमध्येच घेतात, अधीक्षकांच्या सही-शिक्क्याने, वकील कागद पाठवतो, घरच्यांनी मुलाखतीला जाताना घेऊन जायचं नाही.

दबाव येणार

केस टाकल्याचं कळलं की आठवड्याभरात कुणीतरी येतं. पुढारी असेल, नात्यातला आबा-नाना असेल, म्हणेल पोलिसांशी वैर घेऊ नका, मिटवून घ्या, जामिनाला मदत करतील. स्टॅम्प पेपरवर सही मागतील. करू नका. कोण आलं, कधी, काय बोललं हे वहीत तारखेसह लिहा, फोन आला तर रेकॉर्ड करा. दुसऱ्या पोरावर नवीन गुन्हा टाकायची, तडीपारीची धमकी देतात, तसं झालं तर त्याच याचिकेत अर्ज करून कोर्टाला सांगा, न्यायमूर्ती हे हलक्यात घेत नाहीत. साक्षीदाराला धोका असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा पातळीवर अर्ज होतो. जेलमध्ये त्रास सुरू झाला तर दुसऱ्या जेलला बदली मागता येते, पण त्याने मुलाखत लांब पडते, नंदुरबारच्या आईला नाशिकरोडला जाणं सोपं नाही, म्हणून खरंच गरज असेल तरच.

पोलिसांचं उत्तर आल्यावर

सरकारतर्फे शपथपत्र येतं आणि त्यात बहुतेक वेळा याच तीन गोष्टी असतात: आरोपी पळताना पडला, आरोपीने स्वतःच डोकं आपटून घेतलं, आरोपी सराईत आहे आणि तपास बिघडवायला खोटी तक्रार करतोय. हे वाचून घरचे हादरतात, कारण त्यात जुन्या गुन्ह्यांची यादी जोडलेली असते. घाबरायचं काही नाही, यादीने पाठीवरच्या वळांचं उत्तर मिळत नाही. वकिलाबरोबर बसून एकेका परिच्छेदाला कागद लावा. पळताना पडला म्हणतात तर पळाल्याची नोंद ठाणे डायरीत आहे का, त्यासाठी वेगळा गुन्हा नोंदवला का, त्याच दिवशी सिव्हिलला नेलं का, आणि पडल्याने फक्त पाठीवर आणि तळपायावरच कसं लागलं. डोकं आपटलं म्हणतात तर डोक्याला जखम कुठल्या रिपोर्टमध्ये आहे. यावर जे प्रत्युत्तर दाखल होतं त्याला जेलच्या डॉक्टरच्या नोंदीची नक्कल, रिमांडचा रोजनामा, ११२ चा कॉल आणि एसपींना टाकलेला ईमेल, फुटेजबद्दलचं माहिती अधिकाराचं उत्तर, हे तारखेच्या क्रमाने लावा, म्हणजे तारखा वाचत गेलं की कोर्टाला सगळं आपोआप समजतं.

प्रत्येक तारखेला कन्नडचा घाट ओलांडून संभाजीनगरला जायची गरज नाही, खंडपीठाच्या तारखा आणि आदेश मोबाईलवर बघता येतात, केस नंबर तेवढा वकिलाकडून लिहून घ्या. अंतिम सुनावणीला मात्र घरचं एक माणूस कोर्टात बसलेलं असावं, मूळ कागदांची फाइल हातात घेऊन, ऐनवेळी एखादी नक्कल न्यायमूर्तींना पुसट दिसली तर मूळ कागद तिथल्या तिथे दाखवता येतो.